शेपटीतली खूण

सॅलमँडरनी आडोशाला यावं म्हणून उतारावर टाकून ठेवलेल्या शंभर लाकडी फळ्यांखाली एकशे अठ्ठ्याऐंशी सॅलमँडर निघाले. प्रौढ एकशे एकसष्ट, पिल्लं सत्तावीस. शेपूट पूर्ण असलेले एक्क्याण्णव. शेपूट तुटलेले किंवा नवी फुटत असलेले सत्त्याण्णव. मे महिन्यात टोचलेली रंगाची खूण अंगावर असलेले आठ. याखेरीज बोटभर जाडीचा एक साप, चौदा गोमा, आणि बेचाळिसाव्या फळीखाली ओडेलचा मागच्या वर्षी हरवलेला चष्मा. गोगलगाई मोजल्या नाहीत.

हेमांगी विटकरने आकडे वहीत उतरवले, खाली सहा ऑक्टोबर ही तारीख घातली आणि वही ओडेलपुढे धरली. ओडेलने चष्मा शर्टाला पुसून डोळ्यांवर चढवला, आकडे वाचले आणि सही केली. मोजणाऱ्या दोघांच्या सह्या असल्याशिवाय मोजणी धरायची नाही, असा समितीचा नियम होता.

केटल नॉब हा वेस्ट व्हर्जिनियातला एक बुटका डोंगर. त्याच्या उत्तर उतारावर दगडांचा खच पडलेला आहे. हिमयुगात फटींमधलं पाणी गोठून कडा फुटला, त्याचे तुकडे घरंगळत खाली आले आणि जिथे थांबले तिथेच राहिले. वरून स्प्रूसच्या झाडांची सावली, सकाळी अकरापर्यंत धुकं, आणि दगडांच्या पोटात बाराही महिने ओल. असे चौतीस एकर. केटल नॉबचा सॅलमँडर एवढ्याच जागेत राहतो. भोवतालच्या रानात माती चांगली खोल आहे, पण तिथे त्याचा लाल पाठीचा भाऊबंद राहतो आणि तो भांडखोर आहे. त्याने हाकलत हाकलत याला दगडांत आणून बसवलं, त्याला काही हजार वर्षं झाली.

प्राणी वीतभरसुद्धा नाही. नऊ सेंटिमीटर लांब, त्यातली निम्मी शेपूट. वजन एक ग्रॅमच्या आसपास. दिसायला पालीसारखा, पण पालीशी त्याचं काही नातं नाही. तो बेडकाच्या गणगोतातला. बेडकासारखं त्याला तळं मात्र लागत नाही. मादी दगडाच्या फटीत वरून लोंबणारा सहा-सात अंड्यांचा घोस घालते आणि दोन महिने त्याच्याभोवती वेटोळं करून उपाशी बसते. अंड्यातून थेट चार पायांचं पिल्लू बाहेर येतं. मादी हे दोन वर्षांतून एकदाच करते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, या प्राण्याला फुप्फुसं नाहीत. तो कातडीने श्वास घेतो. कातडी ओली असेपर्यंत हवेतला प्राणवायू तिच्यातून आत झिरपतो. कातडी वाळली की तो गुदमरतो.

फुप्फुसं नसलेल्या या प्राण्याच्या कातडीत फुप्फुसातलं प्रथिन सापडतं, हे पूर्वीच कळलेलं होतं. माणसाच्या फुप्फुसातले बारीक फुगे श्वास सोडताना आतल्या आत चिकटून बसू नयेत म्हणून त्यांना एक निसरडा लेप असतो. सॅलमँडरने त्याच जातीचा लेप कातडीवर वापरायला घेतला. केटल नॉबच्या सॅलमँडरचा लेप इतरांपेक्षा चिवट निघाला. दगडाच्या धुळीने ज्यांची फुप्फुसं निबर झाली आहेत, अशा माणसांना त्याचा फवारा हुंगायला दिला, तर बंद पडलेले फुगे पुन्हा उघडत होते. कारखान्याच्या टाकीत हे प्रथिन बनवता येई, पण काही तासांत त्याच्या गुठळ्या होत. त्यात खऱ्या कातडीचा चिमूटभर अर्क टाकला की ते बरोबर घडी घालून बसे. दुधाला विरजण लागतं तसंच. फरक एवढाच की या विरजणाने लागलेलं दही पुढच्या दुधाला विरजण म्हणून चालत नव्हतं. दर वेळी नवा अर्क लागे, आणि पिंजऱ्यात वाढवलेल्या सॅलमँडरच्या कातडीत तो उतरत नसे.

उपाय सोपा होता. शत्रूने पकडलं की सॅलमँडर स्वतःहून शेपूट सोडून देतो आणि वर्षभरात ती पुन्हा येते. म्हणजे प्राणी मारायचा नाही, चिमट्यात धरायचा, शेपूट घ्यायची आणि सोडून द्यायचा. एका रुग्णाला वर्षाला बारा शेपट्या पुरत. चाचणीत अठ्ठावन्न रुग्ण होते. परवाना देणाऱ्या समितीने ठरवलं, की एकूण संख्येच्या दहा टक्क्यांहून जास्त शेपट्या वर्षात तोडायच्या नाहीत. एकूण संख्या किती, हे सांगणं हेमांगीचं काम होतं.

अठ्ठावन्नांपैकी एक तिचे वडील होते.

हे तिने लपवलं नव्हतं. समितीच्या अर्जात तसा रकाना होता आणि त्यात तिने लिहिलं होतं : शिवराम विटकर, वय त्रेसष्ट, नातं वडील, केंद्र पुणे. शिवराम विटकरांनी बार्शीत तरुणपणी पाटे-वरवंटे घडवले आणि मग वीस वर्षं खडी क्रशरवर काढली. पोरीने दगड सोडून शाळा धरली, ती शिकत शिकत पुन्हा दगडांतच येऊन पोचली, असं ते स्वतःच सांगत आणि हसत. हसलं की त्यांना खोकला येई.

दगडावर बसून हेमांगीने भागाकार केला. रीत जुनी आहे. डब्यात चिंचोके किती आहेत हे सगळे न मोजता सांगायचं असेल, तर मूठभर काढून रंगवायचे, परत टाकून डबा हलवायचा आणि पुन्हा मूठ भरायची. दुसऱ्या मुठीत रंगीत जितके कमी, तितका डबा मोठा. मे महिन्यात तिने चारशे सॅलमँडरना खूण केली होती. आता एकशे अठ्ठ्याऐंशीत खुणेचे आठ. चारशे गुणिले एकशे अठ्ठ्याऐंशी, भागिले आठ.

"नऊ हजार चारशे," ती म्हणाली.

"मागच्या वर्षी?"

"सात हजार तीनशे. त्याआधी पाच-सव्वापाच."

"शेपट्या तोडायला लागल्यापासून वाढतायत की," ओडेल म्हणाला. तो एकसष्ट वर्षांचा, कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेला माणूस होता. उठताना त्याचे गुडघे वाजत. "माझीही तोडून बघ काहीतरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने घरी फोन लावला. बार्शीत संध्याकाळ होती. धाकटा भाऊ नागेश फोनवर आला.

"बोल अक्का. पाली काय म्हणतात?"

"पाली नाहीत त्या."

"हां, हां. बेडकाचे चुलते. किती भरले?"

"नऊ हजार चारशे."

"म्हणजे पुढच्या वर्षीचं औषध पक्कं?"

"पक्कं. अप्पा कुठेत?"

"बाहेर ठोकतायत. सहा वर्षांनी हातोडा धरलाय, आता ऐकतात होय! खलबत्ता घडवतायत. दगडावर पाणी मारून घडवतो, धूळ उडत न्हाई, म्हणतात. मी मास्क बांधायला सांगितला, तर तो हनुवटीला बांधला. दाढी झाकायला." नागेश हसला. "अक्का, काल ते चहाच्या गाडीपर्यंत चालत गेले आणि चालत आले. गाडीवाला म्हणाला, विटकर, तुम्ही होता कुठं इतकी वर्षं?"

औषधाआधी अप्पा खाटेवरून उठून दारापर्यंत जाऊन आले की बोटावरच्या यंत्रात प्राणवायू ब्याऐंशी टक्के दिसे. आता ब्याण्णव दिसत होता.

त्याच दिवशी हेमांगी आणि ओडेल जमिनीतली ओल मोजणारी यंत्रं तपासायला पुन्हा डोंगरावर गेले. फळ्या उचलायचं काम नव्हतं. पण चार वर्षांची सवय. त्रेसष्टाव्या फळीशेजारून जाताना ओडेलने ती उचललीच.

"ये, म्हातारे," तो म्हणाला.

"कोण?"

"ही. उजव्या मागच्या पायाचं एक बोट वाकडं, बघ. माझ्यासारखं. मे महिन्यात तू टोचत होतीस तेव्हा मीच धरली होती. माझ्या हातावर मुतली होती."

"ही कालही होती. हिला खूण नाही. कालच्या यादीत हिला नवी म्हणून धरलंय."

"मग यादी चुकलीय."

"ओडेल, वाकड्या बोटाच्या दोन असू शकतात."

"एकाच फळीखाली?"

हे सॅलमँडर जन्मभर चटईएवढ्या जागेत राहतात आणि त्या जागेत दुसऱ्याला येऊ देत नाहीत, हे तिनेच त्याला शिकवलं होतं. तिने ओल्या हातमोज्याने मादी उचलली, उलटी केली आणि टोपी आडवी धरून तिच्या सावलीत अतिनील दिवा लावला. काही चमकलं नाही. शेपूट एक सेंटिमीटरची होती, फिकट, टोकाला बोथट. नवी.

खुणेसाठी वापरतात तो रंग पातळ रबरासारखा असतो. बारीक सुईने कातडीखाली तिळाएवढा सोडला की तासाभरात घट्ट होतो आणि अतिनील दिव्याखाली चमकतो. इतर सॅलमँडरना तो पायाच्या मुळाशी टोचतात. केटल नॉबच्या सॅलमँडरचं पोट काळं असल्याने तिथे टोचलेला रंग दिसत नाही. फक्त शेपटीच्या बुडाशी, खालच्या बाजूला, कातडी काचेसारखी असते. चार वर्षांपूर्वी हेमांगीनेच ती जागा निवडली होती. निवड चांगली होती. तिच्यावर तिचा एक निबंधही छापून आला होता. तेव्हा या डोंगरावर शेपट्या कोणी तोडत नव्हतं.

तिने मादी फळीखाली ठेवली. फळी जागेवर बसवली.

"काय झालं?" ओडेलने विचारलं.

"आपण रंगवलेले चिंचोके कोणीतरी पुसतंय," ती म्हणाली. ओडेलला चिंचोके माहीत नव्हते. मग तिने नीट सांगितलं.

डोंगराच्या पायथ्याच्या गावात औषध बनवणाऱ्या कंपनीची प्रयोगशाळा होती. कातडी सोलून घेतल्यावर शेपटीचा उरलेला भाग वर्षभर गोठवून ठेवायचा, अशी परवान्यात अट होती. हेमांगीला तो तपासायचा अधिकार होता. आजवर तिने तो वापरला नव्हता. नऊ आणि दहा ऑक्टोबर असे दोन दिवस ती खिडकी नसलेल्या खोलीत दिवा घेऊन बसली. पिशव्यांवर तारीख, वेळ आणि जागा लिहिलेली होती. सहा ऑक्टोबरपर्यंतच्या शेपट्या सहाशे चाळीस. एकेक चिमट्याने उचलायची, दिव्याखाली धरायची, उजवीकडे किंवा डावीकडे ठेवायची.

पहिल्या पिशवीत अकरांपैकी पाच शेपट्या केशरी चमकल्या.

जागेच्या रकान्यात ठिकठिकाणी तिच्याच फळ्यांचे क्रमांक होते. कंपनीच्या माणसांना खालच्या अंगाला वेगळ्या तीनशे फळ्या दिल्या होत्या. पण त्या नव्या होत्या. चार पावसाळे खाल्लेली फळी सॅलमँडरला जास्त आवडते, तिच्याखाली हात घातला की दोन-तीन सापडतातच. माणसांनी सोपं होतं ते केलं होतं. तेही त्यांनी लपवलं नव्हतं. स्वच्छ अक्षरात लिहून ठेवलं होतं.

सहाशे चाळिसांत दोनशे शहाण्णव चमकल्या.

म्हणजे मोजणीच्या दिवशी डोंगरावर खुणेचे सॅलमँडर चारशे नव्हते, फार तर एकशे चार होते. तिने गणित पुन्हा मांडलं. एकशे चार गुणिले एकशे अठ्ठ्याऐंशी, भागिले आठ. दोन हजार चारशे चव्वेचाळीस.

मागच्या वर्षीचे सात हजार तीनशेही याच चुकीने फुगलेले होते. शेपट्या जितक्या जास्त तुटत, तितक्या खुणा कमी सापडत. खुणा जितक्या कमी, तितका आकडा मोठा. आणि आकडा जितका मोठा, तितक्या जास्त शेपट्या तोडायची परवानगी. दोन वर्षं ते चाक तिने स्वतः फिरवलं होतं. मग तिने जुन्या वह्या काढून घरट्यांचे आकडे पाहिले. तोडणी सुरू व्हायच्या आधी एका उन्हाळ्यात सतरा घरटी. या उन्हाळ्यात चार. तेव्हा तिने शेरा लिहिला होता : वर्ष कोरडं गेलं. मादी अंड्यांपाशी दोन महिने उपाशी बसते ती शेपटीत साठवलेल्या चरबीवर. शेपूट नसेल तर ती अंडी घालतच नाही. हे तिला माहीत होतं. कोणत्याही पुस्तकात असतं.

बारा ऑक्टोबरला ओडेलने नव्या हिशेबावर सही केली. गाडीत बसल्यावर म्हणाला, "माझा भाऊ या औषधाच्या यादीत नाव लागायची वाट बघत होता. खाणीतलाच. मागच्या हिवाळ्यात गेला."

"तू कधी सांगितलं नाहीस."

"तुझे वडील यादीत होते. तुला कसं सांगू?"

अहवाल दोन पानांचा होता. तो त्याच दिवशी पाठवता आला असता. शेवटची मुदत पंधरा नोव्हेंबर होती, हेही खरं.

तिने आधी नागेशला सांगितलं.

"तूच चुकलीस ना?" तो म्हणाला. "खूण कुठं टोचायची ते तूच ठरवलंस."

"हो."

"मग तुझी चूक तू पुढच्या वर्षी दुरुस्त कर. कोण बघायला येतंय? तो म्हातारा सोडून कोणाला कळलंय?"

"पुढच्या वर्षी नऊशे चाळीस शेपट्या तोडायची परवानगी मिळेल. असतील नसतील तेवढ्या सगळ्या माद्यांच्या शेपट्या जातील, नाग्या. एकही घरटं होणार नाही."

"एकच वर्ष अक्का. टाकीतलं औषध येणार आहे ना? तूच म्हणाली होतीस."

"दीड वर्ष लागेल म्हणतात. दोनही लागतील."

"मग दीड वर्ष. एवढी हजारो वर्षं जगल्या, दीड वर्षात काय होतंय त्यांना? आणि झालंच, तर झालं. पाली त्या."

"पाली नाहीत त्या."

"मला माहितीय पाली नाहीत!" नागेश ओरडला. "चार वर्षं ऐकतोय. बेडकाचे चुलते. अप्पा कोण आहेत तुझे, ते सांग आता."

फोन बंद झाला.

हेमांगीने एका कागदावर दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. तिला सवयच तशी होती. एका बाजूला अठ्ठावन्न, दुसऱ्या बाजूला दोन हजार चारशे चव्वेचाळीस. पुढे काय करायचं ते तिला समजेना. दोन्हींची एककं वेगळी होती. तिने तो कागद इतर कागदांबरोबर फाइलला लावला. रोज संध्याकाळी प्रयोगशाळेतून दिवसाचा आकडा येई : आज चार शेपट्या, आज पाच, आज दोन. ती तो तक्त्यात भरी.

तेवीस तारखेला सकाळी तिने अप्पांना फोन लावला. चित्रात आधी आभाळ आलं, मग अप्पांचा कान, मग अप्पा. अंगणात दगडाच्या कपच्या पडलेल्या होत्या, ओल्या.

"हेमे, नाग्या आठ दिस झालं तोंड फुगवून बसलाय. काय झालं तुमचं?"

तिने सांगितलं. खुणेचं, फळ्यांचं, दिव्याचं. अप्पा ऐकताना खलबत्त्याच्या कडेवर अंगठा फिरवत होते.

"किती उरल्यात म्हनतीस?"

"दोन हजार चारशे चव्वेचाळीस."

"वरच्या चव्वेचाळीस पन मोजल्यास!"

"मोजले नाहीत अप्पा. गणितानं काढले."

"शेपूट तोडली की मरत्यात का?"

"मरत नाहीत. अंडी घालत नाहीत."

अप्पांनी छिन्नी उचलली, कडेवर टेकवली, पण मारली नाही. "क्रशरवर पन कुनी मरत न्हवतं," ते म्हणाले. "सायेब आला की हजेरी बघायचा. समदे उभे. मरायचं ते घरी जाऊन, वीस वर्सांनी. त्ये हजेरीत कुठं येतंय?"

"अप्पा, मी काय करू?"

"मला इचारू नको." आवाज एकदम कडक झाला. "मला इचारलंस तर मी गप बस म्हनीन. मला दम पायजे. ह्यो खलबत्ता पुरा करायचाय, चहाच्या गाडीवर जायचंय. म्हनून मला इचारूच नको. नाग्याला पन नको. त्यो बी तेच म्हनंल."

"तो म्हणाला."

"बघ मग." अप्पांनी मास्क हनुवटीवरून नाकावर ओढला आणि छिन्नीवर घाव घातला. दुसरा घातला. फोन चालूच राहिला. हेमांगी थोडा वेळ ठोकणं ऐकत बसली आणि मग तिने तो बंद केला.

चोवीस ऑक्टोबरला तिने अहवाल पाठवला. जोडपत्रात चूक कोणती, ती कोणी केली, कोणत्या वर्षांचे आकडे त्यामुळे रद्द समजावेत, हे लिहिलं. शेवटी एक ओळ वाढवली : चूक सात ऑक्टोबरला लक्षात आली, तेव्हापासून आजवरच्या सतरा दिवसांत आणखी एकसष्ट शेपट्या तोडल्या गेल्या.

समितीची बैठक बारा नोव्हेंबरला झाली. अध्यक्षबाईंनी जोडपत्र दोनदा वाचलं.

"फेरतपासणीला किती दिवस लागले?"

"पाच. बारा तारखेला आकडा पक्का झाला होता."

"मग उरलेले बारा दिवस?"

"मी कळवलं नाही," हेमांगी म्हणाली.

अध्यक्षबाईंनी ते इतिवृत्तात घ्यायला सांगितलं. मग म्हणाल्या, "तुमचे वडील चाचणीत आहेत, हे आमच्यापुढे आहेच. आकडा तुमच्या हिताविरुद्ध जातो. त्यामुळे आकड्याबद्दल आम्हाला आणखी काही विचारायचं नाही." मतदान झालं. तोडणी त्याच दिवसापासून बंद झाली. पुढच्या वर्षीच्या मोजणीचं काम दुसऱ्या विद्यापीठाला द्यावं आणि विटकर यांनी घरट्यांचं निरीक्षण चालू ठेवावं, असंही ठरलं.

साठवलेलं औषध अठ्ठावन्न जणांत वाटलं गेलं. आठवड्याचा फवारा पंधरा दिवसांवर आला, फेब्रुवारीत महिन्यावर, आणि मार्चमध्ये संपला. टाकीतल्या प्रथिनाच्या अजूनही गुठळ्या होत होत्या. कंपनीने कळवलं की आणखी एक वर्ष लागेल.

नागेशने फोन करणं बंद केलं. त्याऐवजी तो रोज संध्याकाळी सहाला, म्हणजे केटल नॉबला सकाळ असताना, एक आकडा पाठवू लागला. अप्पा दारापर्यंत जाऊन आल्यावर यंत्रात जो दिसे तो. वर अक्का नाही, खाली काही नाही. नोव्हेंबरात ब्याण्णव होता. जानेवारीत एकदा त्र्याण्णव आला, तेव्हा तिने "मस्त!" असं लिहिलं, त्यालाही उत्तर आलं नाही. मार्चअखेर सत्त्याऐंशी. मे महिन्यात एकदा तिने विचारलं, "खलबत्ता झाला का?" दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला नुसता आकडा आला : चौऱ्याऐंशी. तिने तेव्हापासून उत्तरादाखल फक्त "पोचला" असं लिहायला सुरुवात केली, आणि आकडा वहीच्या समासात तारखेपुढे उतरवून ठेवायला.

जुलैत घरट्यांची मोजणी तीन दिवस चालली. दगड हलवायचे नसतात. बोटाएवढ्या जाडीचा कॅमेरा फटीत सोडायचा, पडद्यावर बघायचं. ठरलेल्या एकशे वीस फटी होत्या. ओडेल कॅमेरा धरी आणि सांगे, हेमांगी लिही. बहुतेक फटी रिकाम्या. कुठे कोळी, कुठे नुसती चकाकणारी ओल. जिथे मादी असे तिथे ती कॅमेऱ्याच्या उजेडाकडे तोंड करून अंड्यांवर आणखी घट्ट वळे, आणि ओडेल आपसूक हळू बोले.

"एकशे अठरा, रिकामी," तो म्हणाला. "एकशे एकोणीस, रिकामी."

तिसऱ्या दिवसाची सकाळ होती. धुकं अजून उतरलं नव्हतं.

"एकशे वीस. आहे. सहा... थांब, मागे एक आहे. सात."

"शेपूट?"

"पूर्ण. बुडाशी जरा फिकट. नवी असावी."

तिने लिहिलं आणि बेरीज केली. ओडेल कॅमेऱ्याची वायर हाताला गुंडाळत बसला. खिशात फोन थरथरला. तिने बेरीज पुन्हा एकदा तपासली, मग फोन काढून पाहिला, "पोचला" असं लिहिलं आणि वहीचं पान पुरं केलं.

घरटी अकरा. अंडी एकोणसत्तर. बार्शी, संध्याकाळी सहा, दारापर्यंत जाऊन आल्यावर : एकोणऐंशी टक्के.